स्वच्छतागृहातला आडोसा

हॉटेल, मॉल किंवा कार्यालयाचं स्वच्छतागृह बांधताना टाइल्स, नळ, बेसिन यांवर सढळ हाताने खर्च होतो. आडोशाचा विचार मात्र कित्येकदा राहूनच जातो.

आधी पाहावा तो बाहेरचा दरवाजा. तो उघडला की येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर थेट आत जाता कामा नये. दारासमोर एक आडवी भिंत घातली तर निम्मं काम होतं. पण बेसिनवरचा आरसाही तपासा, कारण भिंतीने झाकलेलं आरसा उघडं पाडतो.

आतल्या कप्प्यांचं दुखणं वेगळं. तयार पार्टिशन खालून वीतभर उघडं ठेवतात. फरशी धुता यावी, आत कुणी बेशुद्ध पडलं तर कळावं, ही कारणं रास्तच आहेत. दाराच्या कडेला राहणाऱ्या फटीने मात्र यातलं काहीच साधत नाही. फटीवर चढणारी एक पट्टी लावली की ती बुजते. कप्पा छतापर्यंत बंद करायचा असेल, तर प्रत्येकात वेगळा दिवा, हवा खेचणारा पंखा आणि अडचणीच्या वेळी बाहेरून उघडणारी कडी हवी. कडीवर लाल-हिरवी खूण असली, तर दार ठोठावावं लागत नाही.

मुंबईत २०११ साली ‘राइट टू पी’ मोहीम सुरू झाली, ती बायकांना स्वच्छ, सुरक्षित, मोफत मुताऱ्या मिळाव्यात म्हणून. या सुरक्षिततेत आडोसाही आलाच, म्हणून बायकांच्या कप्प्यात झाकणाची कचरापेटी आतच हवी. वापरलेलं पॅड हातात घेऊन रांगेसमोरून जाण्याची वेळ कुणावरही येऊ नये.

हॉटेलमालकहो, दुकानदारहो, नकाशावर सही करण्यापूर्वी आर्किटेक्टला एवढं जरूर विचारा: दार उघडं असताना बाहेरून काय दिसतं?