वीज आली, पाणी गारच

श्रोतेहो, साताऱ्याची थंडी, रात्रभर वीज गायब. पहाटे दिवे लागले, पण गिझरचं पाणी गारच! आधी मीटरजवळच्या पेटीत गिझरचा एमसीबी बघा. वीज परतताना झटका बसला की कधीकधी तो पडतो. पूर्ण खाली ओढून मग वर करा. पुन्हा पडला, तर हट्ट नको, वायरमनला बोलवा. गिझरवरचा दिवा लागला असेल तर धीर धरा. 25 लिटरच्या टाकीला 2000 वॉटवर अर्धा-पाऊण तास लागतोच. सांगलीकरांनो, 2019 च्या महापुरासारखं पाणी घरात शिरलं असेल, तर वायरिंग तपासल्याशिवाय बटण दाबूच नका. तोवर अंघोळीच्या पाण्यासाठी माळ्यावरचा तांब्याचा बंब आहे ना? तो मात्र अंगणातच पेटवा.