खर्च कुठे गेला?

(स्नेहमेळाव्यातील मनोगत. दहावी, मार्च १९९१ची तुकडी)



मला भाषण येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. शाळेत पंधरा ऑगस्टला मी पाच ओळी पाठ करून उभी राहिले होते आणि तिसऱ्या ओळीला रडत खाली बसले होते. आज कुणी रडवू नका.

सकाळपासून एकेकाने आपापला प्रवास सांगितला. कुणी बँकेत अधिकारी झालं, कुणाचा मुलगा परदेशात आहे. ऐकून खरंच छान वाटलं. माझा प्रवास लहान आहे. लग्न होऊन मी सोलापूर जिल्ह्यात गेले. आमच्या यांचं शिलाईचं दुकान. तेव्हापासून मी मशीनवर बसले ती आजतागायत. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, शाळेचे गणवेश, पिको-फॉल. आपल्या शिवणाच्या बाईंनी काजं करायला शिकवली, त्यावर घर चाललं. बाई आज नाहीत, पण त्यांना सांगायचं राहिलं होतं, ते इथे सांगितलं.

आज मला दुसरंच एक बोलायचं आहे. थोडं लाजिरवाणं आहे, पण बोलते.

गणिताचे सर समोर बसलेत. सर, तुम्हाला आठवणार नाही. सातवीत नफा-तोट्याची उदाहरणं होती. एकाने इतक्याला माल घेतला, हमाली इतकी दिली, इतक्याला विकला, तर नफा किती? मी प्रत्येक वेळी हमाली विसरायची. तुम्ही माझ्या वहीत लाल शाईने लिहिलं होतं, "खर्च कुठे गेला?" एकदा नाही, तीनदा लिहिलं होतं. मी तेव्हा ते मनावर घेतलं नाही. त्याची किंमत मला पुढे मोजावी लागली.

१९९९ साली रेशनकार्डं तीन रंगांची झाली. वर्षाचं उत्पन्न १५ हजारांपर्यंत असेल तर पिवळं, १५ हजार ते १ लाख असेल तर केशरी आणि त्याच्या वर गेलं तर पांढरं. घरात दहावी शिकलेली सून मी एकटीच, म्हणून अर्ज मी भरला. वार्षिक उत्पन्न किती? मी यांना विचारलं, "दिवसाला गल्ला किती होतो?" ते म्हणाले, "तीनशे धर." मी हिशोब केला, तीनशे गुणिले तीनशे पासष्ट. १ लाख ९ हजार ५००. लिहून टाकलं. दुकानाचं भाडं, वीज, दोरा, अस्तर, कॅनव्हास, बटणं, कारागिराची मजुरी यातलं काहीच वजा केलं नाही. वजा केलं असतं तर हातात निम्मेसुद्धा उरत नव्हते.

पांढरं कार्ड आलं. मामंजी खूश झाले. चारचौघांत दाखवायचे. म्हणायचे, "आपण काय कुणापुढे हात पसरणारे नाही." मलाही बरं वाटलं. सुनेने घराची पत वाढवली ना!

२०१६ साली यांच्या छातीत कळ आली. जिल्ह्याच्या ठिकाणी मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, अँजिओप्लास्टी आजच करावी लागेल. तिथे सरकारी योजनेच्या खिडकीवर आरोग्यमित्र बसतात. तेव्हा योजनेचं नाव राजीव गांधी जीवनदायी होतं, पुढच्या वर्षी ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने झाली. पिवळ्या आणि केशरी कार्डावर कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार मोफत होते. तिथल्या मुलाने माझं कार्ड हातात घेतलं, उलटं-सुलटं केलं आणि म्हणाला, "ताई, हे पांढरं आहे. यावर होत नाही." तो वाईट नव्हता. त्याच्या हातात काही नव्हतं.

मी त्याला सांगत होते, अहो, आम्ही शिलाई करतो, महिन्याला सात हजार उरत नाहीत. तो म्हणाला, "पण तुम्ही स्वतःच लिहून दिलंय ना?"

खरंच, मी स्वतःच लिहून दिलं होतं. माझ्याच अक्षरात.

एकूण १ लाख ७० हजार खर्च आला. माझ्या पाटल्या गेल्या, दिरांनी साठ हजार दिले, ओव्हरलॉकचं मशीन विकलं. हे वाचले, आजही घरी बसून काजं-बटणं करतात, देवाची कृपा. पण पुढच्या वर्षी मुलगी बारावी झाली, तिला नर्सिंगला जायचं होतं, आणि माझ्याकडे प्रवेशाचे पैसे नव्हते. तिने दोन वर्षं कापडाच्या दुकानात साड्यांच्या घड्या घातल्या. एक शब्द बोलली नाही. पण तिच्या त्या दोन वर्षांवर माझी सही आहे, असं मला अजून वाटतं.

मग मी कार्ड बदलायला निघाले. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला हवा. नोकरदाराचं सोपं असतं. पगाराची स्लिप लावली की झालं. आपल्याकडे काय असतं? मी अर्ज केला तर टेबलावरचे साहेब म्हणाले, "स्वतःचं दुकान आहे आणि केशरी कशाला पाहिजे?" बाहेर आले तर एक एजंट भेटला. म्हणाला, "पाचशे द्या, चाळीस हजारांचा दाखला आणून देतो. सगळे तेच करतात."

मित्रमैत्रिणींनो, खोटं सांगत नाही, माझा हात पर्सकडे गेला होता. कर्ज डोक्यावर होतं. पण एकदा चुकीचा आकडा लिहून मी पोळले होते, आता दुसरा चुकीचा आकडा लिहायची भीती वाटली. जास्त लिहून फसले, उद्या कमी लिहून फसेन.

घरी आले आणि मुलीची अर्धी कोरी वही घेतली. उभी रेघ मारली. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. रोज रात्री, मशीनवर कापड झाकायच्या आधी लिहायचं. दहा रुपयांची बटणंसुद्धा. असे तीन महिने केले. सरासरी काढली तर महिन्याची जमा १६ हजार ४००. खर्च असा: भाडं २,५००, वीज ९००, दोरा-अस्तर-बटणं-फॉल ३,१००, कारागीर आणि इस्त्री २,६००, मशीन दुरुस्ती ३००. एकूण ९,४००. उरले ७ हजार. वर्षाचे ८४ हजार.

बघा, गल्ला धरला तर वर्षाचे १ लाख ९६ हजार ८००. हातात आलेले धरले तर ८४ हजार. दुकान तेच आणि माणसंही तीच. खर्च कुठे गेला, एवढाच फरक!

ती वही, भाडेपावत्या, वीजबिलं आणि स्वयंघोषणापत्र घेऊन मी पुन्हा गेले. सेवा केंद्रातून रीतसर अर्ज केला आणि तारखेची पावती घेतली. तलाठी भाऊसाहेबांनी वही चाळली, दोन-चार प्रश्न विचारले आणि म्हणाले, "असं कुणी आणत नाही हो." तरी कागद अडकलाच. मग कुणीतरी सांगितलं की २०१५ पासून लोकसेवा हक्काचा कायदा आहे. ठरलेल्या मुदतीत दाखला द्यायचा, नाहीतर का देत नाही ते लेखी कळवायचं, आणि नाही दिलं तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. मी पावती दाखवून शांतपणे एवढंच विचारलं, "अपील कुणाकडे करायचं?" चार दिवसांत दाखला मिळाला. भांडावं लागलं नाही.

केशरी कार्ड झालं. म्हणून सगळंच मिळालं असं नाही, तेही सांगते. स्वस्त धान्याची मर्यादा वेगळी आहे. ग्रामीण भागात ४४ हजार, शहरात ५९ हजार. आमचे ८४ हजार, म्हणजे ते धान्य आमचं नाही. मी मागितलं नाही. असंघटित कामगारांची पेन्शन योजना २०१९ला आली, पण तिला वयाची अट अठरा ते चाळीस. मी चव्वेचाळीसची, म्हणजे नापास! पण पुतण्याला भरायला लावली. त्याचं सलून आहे आणि महिन्याला पंधरा हजारांच्या आत उरतात. तो थोडे भरतो, तेवढेच सरकार भरतं, साठीनंतर महिन्याला ३ हजार मिळायचे आहेत. २०२१ला ई-श्रमची नोंदणी केली, तिला पैसे पडत नाहीत. २०२३ला विश्वकर्मा योजना आली. अठरा धंद्यांत शिंपी आहे. घरातल्या एकालाच मिळते, हे म्हणाले तू घे. सव्वीस-सत्तावीस वर्षं मशीन चालवून मी प्रशिक्षणाला बाकावर बसले, दिवसाचे पाचशे रुपये विद्यावेतन मिळालं. आयुष्यात पहिल्यांदा शिकण्याचे पैसे मिळाले. अवजारांसाठी १५ हजारांची मदत आली आणि विकलेल्या ओव्हरलॉकच्या जागी नवं मशीन आलं. त्या दिवशी यांनी मशीनला हळद-कुंकू वाहिलं आणि किती तरी वेळ तिथेच उभे राहिले.

२०२४ला लाडकी बहीण आली. केशरी कार्ड असल्याने वेगळा उत्पन्नाचा दाखला लागला नाही. महिन्याचे १,५०० दोऱ्यात आणि वीजबिलात जातात. मुलीने दोन वर्षं उशिरा का होईना, नर्सिंग केलं. आता ती नोकरीला आहे. तिचा पगार धरून घराचं उत्पन्न अडीच लाखांच्या वर गेलं, तर माझे पैसे बंद करा, असं मी आपणहून लिहून देणार आहे. वही आहेच, आकडा तीच सांगेल.

आणि ती दवाखान्याची योजना आता सगळ्या रंगांच्या कार्डांना लागू झाली आहे, मर्यादा ५ लाखांची झाली आहे. आम्हाला तेव्हा मिळाली नाही म्हणून रडत बसत नाही. पण तुम्ही मात्र आपल्या जवळचा कुठला दवाखाना योजनेत आहे, कुठल्या आजाराला चालते, हे आजारी पडायच्या आधी विचारून ठेवा. रात्री दोन वाजता ते सुचत नाही.

आता हे सगळं आज का सांगितलं? सकाळी नाश्त्याच्या वेळी आपल्यातल्याच एकीने मला बाजूला नेलं. नाव सांगत नाही. घरगुती डबे देते. नवरा आजारी आहे. कानाशी येऊन कुजबुजत विचारलं, "तुला काही मिळतं का गं सरकारकडून? कुणाला सांगू नकोस मी विचारलं." मला वाईट वाटलं. आपल्या वर्गात रिक्षावाले आहेत, भाजीवाले आहेत, पार्लरवाल्या आहेत. पहाटे उठून रात्रीपर्यंत राबतात. त्यांनी कुजबुजायचं कशाला? दोऱ्याच्या प्रत्येक रिळावर मी पण कर भरते. आपलं आहे ते मागणं म्हणजे भीक नव्हे. आपलं नाही ते घेणं मात्र चोरी. या दोन्हींच्या मधली रेघ कुठे आहे, हे कळायला एक वही लागते, बस.

म्हणून तीनच गोष्टी सांगते. रोज जमा आणि खर्च दोन्ही लिहा. अर्जावर खरा आकडा लिहा, मोठेपणासाठी जास्त नको आणि एजंटच्या सांगण्यावरून कमी नको. आणि दिलेल्या प्रत्येक कागदाची तारखेची पावती घ्या.

जे अधिकारी झालेत, शिक्षक झालेत, त्यांना एक विनंती आहे. शाळेला आपण पाण्याची टाकी देणारच आहोत, त्यात माझेही पाचशे आहेत. पण त्याबरोबर महिन्यातला एक रविवार द्या. शाळेच्या एका वर्गात बसा, आणि ज्यांना अर्ज कळत नाही त्यांचे अर्ज नीट वाचून द्या. डबेवाल्या मैत्रिणीचा पहिला अर्ज मी भरते आहे. आज संध्याकाळीच, निघायच्या आधी. तिची वही मी येतानाच्या एसटी स्टँडवरून घेणार आहे.

सर, सातवीतलं उदाहरण मी एकेचाळीसाव्या वर्षी सोडवलं. उशीर झाला. पण आता उत्तर बरोबर येतं.

एवढं बोलून थांबते. आज तिसऱ्या ओळीला रडले नाही, याची नोंद घ्यावी.