हौशी रेडिओ आणि शेजारधर्म



आयुष्यभर परिचारिकेचे काम केलेल्या बाईने रक्तदाब आणि मधुमेह यांवर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. परंतु आज मी निराळा विषय घेऊन उभी आहे. सत्तरी उलटल्यावर मी हौशी रेडिओच्या क्लबची सभासद झाले, परीक्षा दिली आणि परवाना मिळवला. या वयात हे कशासाठी, असे मला अनेकांनी विचारले. त्याचे उत्तर देताना मला प्रथम आपणांस सौदी अरेबियात न्यावे लागेल.

माझ्या बरोबरीच्या कितीतरी परिचारिका नोकरीसाठी रियाध, जेद्दाह आणि दम्माम येथे गेल्या. त्यांनी तिथे घाम गाळला आणि इकडे भावंडांची शिक्षणे झाली. मी त्या वाटेला गेले नाही. व्हिसाच्या अर्जात धर्माचा रकाना असे आणि त्यात आपण काय लिहिणार, हे या सभागृहात सांगण्याची गरज नाही. तो देश माझ्यासाठी मैत्रिणींच्या पत्रांपुरताच राहिला.

आता रेडिओची गोष्ट ऐका. हौशी रेडिओच्या प्रत्येक केंद्राला एक संकेतनाम असते आणि त्याच्या आरंभीच्या अक्षरांवरून देश ओळखता येतो. भारताची हौशी केंद्रे 'व्हीयू'ने सुरू होतात, इस्राएलची '४एक्स' किंवा '४झेड'ने, तर सौदी अरेबियाची 'एचझेड' किंवा '७झेड'ने. दुसऱ्या महायुद्धानंतर धाहरानच्या हवाई तळावर अमेरिकी मंडळींनी 'एचझेड१एबी' हे केंद्र चालवले. अनेक दशके जगभरच्या हौशी मंडळींना सौदी अरेबियाचा आवाज ऐकू येई, तो बहुधा याच केंद्रावरून. आज तेथील नागरिकांची स्वतःची सौदी ॲमेच्युअर रेडिओ सोसायटी आहे.

मुंबईपासून दम्माम सुमारे अडीच हजार किलोमीटर दूर आहे. वीस मीटर पट्ट्यातील लहरी आकाशाकडे जातात, वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून परततात आणि समुद्रापलीकडे उतरतात. मध्ये तार नाही, मनोरा नाही. घराच्या गच्चीवर ताणलेली एक साधी तार, बेताच्या शक्तीचा संच आणि अनुकूल वेळ एवढे पुरते. एका संध्याकाळी मला अशाच रीतीने 'एचझेड' ऐकू आले. मी माझे संकेतनाम सांगितले, पलीकडच्या गृहस्थांनी ते शब्दशः परत उच्चारले. माझा आवाज कसा पोहोचतो ते त्यांनी सांगितले, तिथे धुळीचे वारे सुटल्याचे सांगितले. मी निवृत्त परिचारिका आहे असे म्हणताच ते म्हणाले, "आमच्या इस्पितळांत तुमच्या देशाच्या पुष्कळ सिस्टर आहेत." शेवटी 'सेव्हंटी-थ्री' म्हणून आम्ही निरोप घेतला. या आकड्याचा हॅम मंडळींत अर्थ 'शुभेच्छा' असा आहे. सारे संभाषण चार मिनिटांचे होते. त्यांनी माझा धर्म विचारला नाही, मी त्यांचा विचारला नाही. संकेतनामात तो रकानाच नाही.

आपल्यापैकी अनेकांची मुले लोद, अश्दोद आणि बेरशेवा येथे आहेत, म्हणून २२ मार्च २०१८ हा दिवस आपणांस आठवत असेल. त्या दिवशी एअर इंडियाचे दिल्लीहून निघालेले विमान प्रथमच सौदी आकाशातून तेल अवीवला गेले. विमानाला ती वाट मिळण्यास सत्तर वर्षे लागली. रेडिओच्या लहरी तिथून पूर्वीपासून ये-जा करीत होत्या. मी याचा भाबडा अर्थ लावत नाही. आपल्या हौशी केंद्रांनी दुसऱ्या एखाद्या देशाशी बोलू नये, असे ठरवण्याचा अधिकार आंतरराष्ट्रीय नियमांनी प्रत्येक सरकारला दिलेला आहे. चार मिनिटांच्या बोलण्याने तह होत नाहीत. पण पलीकडेही एक माणूस गच्चीवर तार बांधून बसला आहे, एवढे तरी कळते.

आता आपल्या घराकडे येऊ. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. वीज गेली, दूरध्वनी आणि मोबाइल मुके झाले. कोण कुठे अडकले, हे घरच्यांना कळेना. अशाच वेळी हौशी रेडिओचे मोल कळते, कारण त्याला मोबाइलचा मनोरा लागत नाही आणि मोटारीच्या बॅटरीवर संच चालतो. भुजच्या २००१ च्या भूकंपात देशातील हौशी मंडळींनी निरोप पोहोचवले. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद ही हॅम भगिनी सहकाऱ्यांसह पोर्ट ब्लेअरला केंद्र चालवत होती. २६ तारखेला त्सुनामी आली आणि छंदासाठी लावलेला तोच संच बेटांवरील माणसांची खुशाली मुख्य भूमीला कळवू लागला.

क्लबमध्ये आम्ही याचाच सराव करतो. ठरलेल्या वेळी सगळे एका लहरीवर जमतात आणि एक जण नियंत्रण करतो, जशी रात्रपाळीला वॉर्डची इन्चार्ज सिस्टर. तिने नाव घेतल्याशिवाय कोणी बोलायचे नाही, तातडीचा निरोप आधी. डॉक्टरांनी फोनवर औषध सांगितले की परिचारिका नाव आणि मात्रा परत म्हणून दाखवते. रेडिओवरही निरोप तसाच परत म्हणून दाखवतात. क्लबातील तरुणांना हे शिकावे लागले, मला ते हातवळणी होते.

आपल्या समाजाला ऐकणे नवीन नाही. कोकणात आपले पूर्वज पोथ्यांवाचून राहिले तरी त्यांनी 'शेमा' विसरू दिला नाही आणि त्याचा पहिला शब्दच 'ऐक' असा आहे. ज्यांना गावाने शनिवार तेली म्हटले, त्यांच्या घरात शब्बाथला संच बंदच राहील. मात्र जीव वाचवण्याचा प्रश्न आला तर आपला धर्मच शब्बाथ बाजूला ठेवण्यास सांगतो. हे मी वॉर्डात वर्षानुवर्षे पाळले आहे.

म्हणून माझी एक विनंती आहे. आपल्या कितीतरी घरांत आज एकटे वृद्ध राहतात. मुले परदेशी, शेजार बदललेला. पुन्हा तसा पाऊस झाला तर त्यांची विचारपूस कोण करणार? आपल्यातील चार-पाच जण परवानाधारक झाले, तर सिनेगॉगच्या कार्यालयात एक संच ठेवता येईल आणि कोणाचे औषध संपले, कोणाला जिना उतरवायचे, हे फोन बंद असतानाही कळेल. परवाना केंद्र सरकार देते. बारा वर्षे पूर्ण झालेले मूलही परीक्षेला बसू शकते. रिस्ट्रिक्टेड श्रेणीसाठी मोर्सची कट्‌कट् शिकावी लागत नाही. रेडिओचे मूलतत्त्व आणि नियम एवढाच अभ्यास आहे.

नावे आज महिला मंडळाच्या वहीत लिहावीत. एकट्या राहणाऱ्या वडीलधाऱ्यांनीही आपला पत्ता, नेहमीची औषधे आणि जवळच्या नातलगाचे नाव त्याच वहीत द्यावे. ती यादी संचाइतकीच महत्त्वाची आहे. सणांनंतरच्या पहिल्या रविवारी दुपारी चार वाजता मी येथे पुस्तके घेऊन बसेन. आजी-आजोबांनी नातवंडांना घेऊन यावे, आणि स्वतःही पाटी-पेन्सिल आणावी.

शालोम आणि सेव्हंटी-थ्री.