बाथरूमची फरशी आणि माझी एक चूक
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



चार शब्द बोला म्हणाले तेव्हा वाटलं, बँकेतले अनुभव सांगावेत. पण ते तुम्ही लिफ्टमध्ये पुष्कळदा ऐकलेत. म्हणून आज फरशीवर बोलतो.

राहायला आलो तेव्हा सौ.ने बाथरूमला हौसेने पांढरा संगमरवर निवडला. बोअरच्या पाण्याने चार-सहा वर्षांत त्यावर क्षारांचा थर चढला. मुलीच्या लग्नाआधी मी अ‍ॅसिडची बाटली आणून स्वतः ओतली. भरपूर फेस आला. मी खूश, म्हटलं मळ निघतोय! मळ कसला, फरशीच विरघळत होती. पाण्यातून साचणारे क्षार आणि संगमरवर, दोन्ही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच. एकाला खाणारं अ‍ॅसिड दुसऱ्याला कसं सोडेल? जन्मभर कर्जाच्या कागदांवरची बारीक अक्षरं वाचली, बाटलीवरची तेवढी राहिली.

चकाकी गेली, ते चाललं असतं. पण सांध्यांतलं सिमेंटही खाल्लं गेलं होतं. काही महिन्यांनी खालच्या घरातले गृहस्थ वर आले. आवाज न चढवता म्हणाले, "जरा खाली येऊन बघता का?" छताचा रंग सोलून पडला होता आणि ओल लगतच्या भिंतीतून त्यांच्या पुस्तकांच्या कपाटापर्यंत पोचली होती. पुस्तकं उन्हात वाळत घातलेली. दुरुस्तीचा खर्च मी दिला, पुस्तकांचा कसा देणार?

कोटा, शहाबादी, कडप्पा हे सगळे चुनखडकच, तेव्हा त्यांनाही हेच लागू. व्हिनेगर आणि लिंबूसुद्धा नको. आणि अ‍ॅसिडमध्ये ब्लीच तर कधीच मिसळू नका, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू सुटतो. खिडकी एवढीशी असलेल्या आपल्या बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. कामाला येणाऱ्या बाईंना हे आवर्जून सांगा, त्यांना बाटली आपणच देतो.

मग करायचं काय? शेवटी आंघोळ करणाऱ्याने वायपर मारायचा, खिडकी उघडी ठेवायची. पाणी फरशीवर वाळलंच नाही तर क्षार साचणार कशाचे? आठवड्यातून एकदा अर्धी बादली कोमट पाणी, त्यात भांड्यांच्या सौम्य लिक्विडचे थोडे थेंब, मऊ ब्रश, आणि नंतर स्वच्छ पाणी. तारेची घासणी नको. दिवाळीच्या अभ्यंगाला तेलाचा डाग पडला, तर खाण्याच्या सोड्याचा घट्ट लेप रात्रभर प्लास्टिकखाली झाकून ठेवावा. एकदा नाही गेला तर पुन्हा लावावा.

कोरड्या फरशीवर पाण्याचे थेंब टाकून दहा मिनिटांनी पुसा. दगड काळपट दिसला तर तो पाणी पितोय. तेव्हा दगडासाठीचा सीलर लावून घ्यावा. सांधे मात्र दरवर्षी तपासा.

आमची फरशी नंतर बदलली. खिडकीखालची एक तेवढी तशीच ठेवलीय, हात फिरवून बघायला या. सौ. प्रत्येकाला ती दाखवते, आणि कोणी केलं तेही सांगते.