कांद्याची बाहेरची पाकळी

मधुमेहींना डॉक्टर एचबीएवनसी तपासून घ्यायला सांगतात. तांबड्या पेशी साधारण 120 दिवस जगतात. त्या काळात हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली, ते या तपासणीत कळतं. अशी साखर इतर प्रथिनांनाही चिकटते. भाकरी खरपूस होते ती याच जातीच्या रासायनिक क्रियेनं. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामीय मायार यांनी 1912 मध्ये तिचं वर्णन केलं. शरीरात ती फार संथ चालते, पण वर्षानुवर्षं चालली की कोलॅजन ताठर होतं, डोळ्यातलं भिंग धुरकट होतं.

या क्रियेत मिथाइलग्लायॉक्साल नावाचा मोठा उपद्रवी रेणू असतो. कांद्यातलं क्वेर्सेटिन हे फ्लॅव्होनॉइड त्यालाच धरून ठेवतं, प्रथिनापर्यंत पोचू देत नाही. अर्थात, हे परीक्षानळीत! पोटात गेलेल्या क्वेर्सेटिनचा थोडाच भाग रक्तात उतरतो, तोही आतड्यात आणि यकृतात रूप बदलून. तेव्हा कांदा खा आणि गोळी सोडा, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. जेवणात मात्र जरूर घ्या, आणि सोलताना हात जरा आवरा. क्वेर्सेटिन बाहेरच्या पाकळ्यांत जास्त असतं. पांढऱ्या कांद्यात ते फारच कमी, मग तो अलिबागचा गोड कांदा का असेना.