ओढ्यातले जीव आणि शेतातले औषध
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी किड्यांवर बोलणार म्हटल्यावर काही जणी हसल्या. हसणे साहजिक आहे. किडा दिसला की आपण केरसुणी उचलतो. परंतु मला सांगायचे आहे ते ओढ्यातल्या किड्यांविषयी.

धुणे धुताना आपण त्यांना पाहिलेले आहे. पाण्यावर सरसर पळणाऱ्या निवळ्या, दगडाखाली चिकटलेल्या अळ्या, काठच्या गवतावर बसणारे चतुर. चतुर उडतो हवेत, पण त्याचे बालपण पाण्यात जाते. तेथे तो डासांच्या अळ्या खातो, मोठा झाला की उडते डास खातो. या बारीक जीवांवर मासे जगतात, बेडूक जगतात. ओढ्याचा संसार त्यांच्याच जिवावर चालतो.

शेतात मारलेले औषध सगळेच पिकावर राहत नाही. काही मातीत जाते आणि पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यात उतरते. मावा कोणता आणि चतुराचे पिल्लू कोणते, हे औषधाला कळत नाही. मज्जातंतू दोघांचेही सारखेच.

जपानात शिन्जी नावाचे मचूळ पाण्याचे सरोवर आहे. भोवती भातशेती आहे. १९९३ पासून तेथे भातावर इमिडाक्लोप्रिड आणि पुढे त्याच जातीची इतर औषधे वापरात आली. वसंतात पाण्यात तरंगणारे बारीक जीव शेकडा ८३ ने घटले. गाळातल्या अळ्या दिसेनाशा झाल्या. वाकासागी नावाचा मासा पूर्वी वर्षाला सरासरी २४० टन मिळे, तो २२ टनांवर आला. संशोधकांनी २०१९ मध्ये याचा उलगडा केला तो असा, की मासे विषाने नव्हे, तर अन्न संपल्याने कमी झाले. युरोपीय संघाने २०१८ मध्येच इमिडाक्लोप्रिडसह तीन औषधांचा उघड्या शेतातला वापर बंद केला होता, तो मधमाश्यांसाठी. हेच इमिडाक्लोप्रिड आपल्याकडे कपाशीच्या मावा-तुडतुड्यांवर वापरतात.

आता माझी चूक सांगते. फवारणी झाली की पंप ओढ्यावर नेऊन विसळून आणण्याचे काम कित्येक वर्षे माझ्याकडे होते. पाणी पांढरे होई, वाहून जाई, आणि मला वाटे, झाले स्वच्छ! एकदा धुणे धुताना धाकटीने विचारले, "आई, निवळ्या कुठे गेल्या गं?" मला उत्तर देता आले नाही. उत्तर माझ्याच हातात होते.

फवारूच नका, असे माझे म्हणणे नाही. पीक गेले तर चूल कशी पेटेल, हे मला कळते. परंतु एवढे आपल्याला करता येईल. पंप शेतातच विसळावा व ते पाणी त्याच पिकावर फवारावे. आभाळ भरून आले असेल तर फवारणी थांबवावी. कीड पाहूनच औषध घ्यावे. ओढ्याकाठचे गवत राखावे. रिकामे डबे पाण्यात टाकू नयेत, आणि घरात तर मुळीच वापरू नयेत.

पंप पुरुषमंडळींच्या पाठीवर असतो हे खरे. पण धुवायला तो आपल्याकडेच येतो. तेव्हा सुरुवात आपणच करू या. आमच्या घरचा पंप आता ओढ्यावर जात नाही. तुमच्याही घरचा जाऊ नये, एवढीच विनंती करते आणि माझे दोन शब्द संपवते.