बलोपासना आणि मेदक्षय



 आपल्या तालमींत हल्ली येणारा तरुण बळ वाढवावे आणि चरबी उतरवावी अशा दोन मागण्या एकदमच करतो, आणि आपल्यापैकी पुष्कळ व्यायामशिक्षक पहिली मागणी तूर्त तहकूब ठेवून त्याला दुसरीच्याच मागे लावतात. ही तजवीज मला सर्वस्वी चुकीची वाटते.

अन्न कमी पडले की शरीर साठ्यातून उचल करते, परंतु ती केवळ मेदाच्या खात्यातूनच करावी असे बंधन त्याच्यावर नसते. ज्या स्नायूला काम उरलेले नाही, तोही बिनदिक्कत खर्ची पडतो. मिनेसोटा विद्यापीठात 1944-45 साली शरीरक्रियाशास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले, तेव्हा ते दर आठवड्यास 22 मैल चालत असूनही त्यांचे वजन चतुर्थांशाच्या आसपास घटले आणि मेदाबरोबर स्नायूही झडून अंगातला जोर ओसरला. म्हणून मेद उतरविण्याच्या काळात ओझे हलके करून आवृत्त्या शंभरावर नेण्याची जी रूढी आपल्याकडे पडली आहे, ती मोडली पाहिजे. ओझे पूर्ववत राहावे, फार तर फेऱ्या एकदोनने कमी कराव्यात.

तालमीच्या काट्यावर आठवड्यात तीन किलो उतरलेले पाहून पोर हरखतो. पण त्यातले बरेचसे स्नायूंतील साठीव शर्करा आणि तिने धरून ठेवलेले पाणी असते, जे चार दिवस पोटभर जेवताच परत येते. त्याच पोराला खांद्यावर नेहमीचे ओझे देऊन बैठका घालायला लावा: पाचव्या बैठकेला गुडघे आत वळतात आणि उठताना हात मांडीवर टेकू पाहतो. एक किलो मेदात सुमारे 7,700 कॅलरी असतात. रोज 500 ची तूट ठेवली तर हिशेबाने पंधरवड्यात किलोभर मेद उतरावा, आणि याहून फार घाई करण्यात मला शहाणपण दिसत नाही.

खुराकाविषयी एवढेच, की देहभाराच्या दर किलोमागे दीड ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळावीत, म्हणजे 70 किलोच्या माणसाला शंभराच्या वर. शेंगदाणे मूठमूठ खाऊन ही भर करू पाहणारा तेलापायी कॅलरींची सारी बचत घालवून बसतो. साय काढलेले दूध, डाळ, अंडी, मासळी हा मार्ग बरा. बदाम-तुपाचा पहिलवानी खुराक दिवसभर हौद्यात घुमणाऱ्या मल्लासाठी आहे, दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्या कारकुनासाठी नव्हे.

वजन घटविण्याचा हट्ट धरणाऱ्या वस्तादांना मी कुस्तीगीर खाशाबा जाधवांचा दाखला देईन: 1948 साली लंडन ऑलिंपिकला फ्लायवेट गटात सहावे आलेल्या खाशाबांनी 1952 साली हेल्सिंकीला कांस्यपदक मिळविले, ते त्याच्या वरच्या, 57 किलोच्या गटात.

माझी या परिषदेस विनंती आहे, की प्रत्येक तालमीच्या दप्तरात वजनाशेजारी आणखी दोन रकाने आखावेत: एकात सकाळी अनशापोटी, श्वास सोडून, नाभीच्या पातळीवर घेतलेला कमरेचा घेर, आणि दुसऱ्यात त्या आठवड्यात पेललेले सर्वांत जड ओझे. घेर घटत असून ओझे टिकून आहे तोवर काट्याने काहीही दाखविले तरी आहारास हात लावू नये. ओझे लागोपाठ दोन आठवडे घसरले, तर त्या मुलाच्या झोपेची चौकशी करावी आणि त्याच्या ताटात एक भाकरी वाढवावी.